मागच्या पलंगावरचं वारं

क्रांती चौगुले आमच्या कळंब्याच्या कॉलनीत राहायला आली तेव्हा ती एसटीत कंडक्टर होती आणि कॉलनीतल्या निम्म्या बायकांना तिचा धाक वाटायचा. कारण तिचा आवाज. पुढच्या दारात उभं राहून शेवटच्या बाकावरच्या माणसाला तिकीट विचारायची सवय झालेला आवाज, तो घरात आला म्हणून लहान होत नाही. ती स्वयंपाकघरातून नवऱ्याला "चहा ठेवू का?" म्हणून विचारायची आणि शेजारच्या अंगणात पेपर वाचत बसलेले आमचे हे "नको" म्हणायचे. अशीच आमची ओळख झाली. मी शाळेत शिकवत होते, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून बाई म्हणते.

तिचे वडील लाल बावट्याचे. मोर्चा म्हटलं की भाकरी बांधून निघणारे. मुलगी झाली तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं क्रांती. ती स्वतःच सांगते, "नावात क्रांती आणि गळ्यात तिकिटाची पिशवी." नोकरी मात्र तिनं मनापासून केली. तिची ड्यूटी बहुतेक गगनबावड्याच्या बाजूला, कधी घाट उतरून खाली कोकणात. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलते. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "बाई, आख्खा घाट मी पाठ केलाय. कुठल्या वळणावर कुणाला उलटी होती ते बी सांगतो. पर एकदा खाली उतरून उभा ऱ्हायलो म्हणशीला, तर न्हाय."

तिच्या कामाची एक रीत होती. गाडी भरली की बाकीचे कंडक्टर पुढून तिकिटं फाडत मागं जायचे. ही आधी गर्दीतून वाट काढत थेट मागच्या बाकापर्यंत जायची आणि तिथून पुढं यायची. मी कारण विचारलं तर म्हणाली की पुढचा माणूस ओरडून आपलं काम करून घेतो, मागचा बिचारा गप्प बसतो, सुट्टे पैसे राहिले तरी मागत नाही.

पुढं तिची पाठ धरली. घाटातल्या रस्त्यावर उभ्यानं इतकी वर्षं काढल्यावर आणखी काय होणार. डॉक्टरांनी सांगितलं आणि तिनं मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. घरात ती, नवरा धैर्यशील आणि सासू बाळाबाई. धैर्यशीलचं उद्यमनगरात गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. माणूस अबोल, पण हात इतका सफाईचा की त्यानं शिवलेल्या सीटवर टाका कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते शोधावं लागतं. बाळाबाई ऐंशीच्या घरातल्या. आयुष्यभर शेतात राबलेल्या, चार म्हशींच्या धारा काढलेल्या, पण हृदयाच्या दुखण्यानंतर त्यांना उन्हाळा अजिबात सोसेना. मार्च लागला की त्या ओला टॉवेल मानेवर टाकून जिन्याखाली बसायच्या.

नोकरी सुटल्यावर क्रांतीला घर खायला उठलं. सकाळची भाकरी झाली की ती फाटकात येऊन उभी राहायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या बसचे नंबर बघायची. अशात तिला कळलं की एका शाळेची जुनी मिनीबस विकायची आहे. तिनं ती बघितली, इंजिन ऐकलं, खाली वाकून चेसी बघितली आणि घरी येऊन जाहीर केलं की आपण हिची घरगाडी करायची. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. कोकणात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांना भाड्यानं द्यायची. धैर्यशीलनं चालवायची, आणि तीही बरोबर जाणार, कुठं थांबायचं ते दाखवायला.

बाळाबाई म्हणाल्या की घरात पलंग असताना रस्त्यावर झोपायची ही कसली अवदसा. दुसऱ्या दिवशी दुकानातून परत येताना धैर्यशील क्रीम रंगाच्या रेक्झिनचे नमुने घेऊन आला, तेव्हा क्रांतीला कळलं की गडी तयार आहे.

सगळा हिवाळा त्या गाडीत गेला. बॉडीवाल्याकडून लाकूडकाम करून घेतलं. मागच्या भिंतीला लागून आडवा मोठा पलंग, मध्ये कपाटं आणि ओटा, पुढं बसायचे बाक, त्यांचेही रात्री पलंग व्हायचे. छत धैर्यशीलचं. प्लायवर पातळ फोम, फोमवर रेक्झिन आणि त्यावर चौकटी चौकटीची शिवण. ते बघायला उद्यमनगरातले लोक मुद्दाम यायचे. टपावर एसी बसवला. पुण्यात कुणी तरी एक जुनी कॅरॅव्हॅन मोडीत काढली होती, तिचाच तो आणलेला. मागं डिकीत छोटा जनरेटर. घराशी उभी असली की घरातून वायर ओढून एसी चालायचा.

हा एसी चालायचा कसा, ते मला तेव्हाच समजावून सांगितलं गेलं. गाडीच्या पुढच्या भागात छताला एक जाळी होती. तिच्यातून गाडीतली हवा वर ओढली जायची, एसीत गार व्हायची आणि छताच्या आतून लांबवर नेलेल्या एका चपट्या पोकळ पेटीतून, म्हणजे डक्टमधून, मागंपुढं जायची. डक्टला ठिकठिकाणी हवा सुटायची गोल तोंडं होती. दोन पुढं, दोन मध्ये, दोन मागच्या पलंगावर.

पहिलं कुटुंब मिळालं पेठ वडगावचं. बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. घरातले थोरले ज्ञानू तात्या, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं असे सगळे मालवणकडे जाऊन आले. त्या वेळी बाळाबाईंची तब्येत बरी नव्हती म्हणून क्रांती बरोबर गेली नव्हती, एकटा धैर्यशीलच गाडी घेऊन गेला होता. परत आल्यावर मुलं गाडीतून उतरायला तयार नव्हती. सुनेनं ओट्याचं कौतुक केलं. तात्या सगळ्यात शेवटी उतरले. दारावर हात ठेवून उभे राहिले आणि धैर्यशीलला म्हणाले, "पावणं, गाडी झ्याक हाय. पर मागचा पलंग म्हंजे गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसल्यागत. पुढं पोरं शाली पांघरून झोपली, आणि मी भाईर खुर्ची टाकून बसून रात काढली बघा."

ते रागानं बोलले नाहीत. जाताना क्रांतीच्या हातात मालवणच्या खाज्याची पिशवीही ठेवली. पण ती त्या दिवशी जेवली नाही. एसटीत तिला लोकांनी काय काय ऐकवलं होतं, तिनंही दुप्पट परतवलं होतं आणि उतरल्यावर विसरून गेली होती. हे मात्र तिला लागलं. मला म्हणाली, "म्हातारा माणूस मागं बसला आणि त्याच्यापत्तोर काय पोचलंच न्हाय. आणि तो बोलला बी न्हाय, बाई, घरी येस्तोवर."

तिनं अमरेशला बोलावलं. अमरेश एसीचा मेकॅनिक, गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावातला, घरात कन्नड बोलणारा. मोठ्या बाईला तो अक्का म्हणतो. त्यानं टपावर चढून मशीन उघडलं, गॅस तपासला, जाळी धुतली. सगळं व्यवस्थित होतं. "अक्का, मशीन फस्क्लास हाय," म्हणाला, आणि ते खरंही होतं. पुढच्या तोंडाखाली हात धरला तर बोटं गार पडायची. मागच्या पलंगावर मात्र कुणी तरी फुंकर मारल्यासारखं वाटायचं, तेही लक्ष देऊन बघितलं तर.

मग धैर्यशीलनं मागं एक छोटा पंखा लावून दिला. त्यानं आवाज फार केला आणि गरम हवाच फिरवली. नंतर त्याला वाटलं की पुढची तोंडं बंद केली तर हवा झक मारत मागं जाईल. त्यानं फोमचे गोल बोळे कापून पुढची दोन आणि मधली दोन तोंडं बंद केली. सकाळी थोडा फरक वाटला. दुपारी छतातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग हवा हळूहळू सगळीकडचीच बंद झाली आणि जाळीतून पाणी टपकायला लागलं. अमरेशनं येऊन उघडलं तर आत कॉइलवर बर्फ. हवेला जायला वाट नसली की असा बर्फ धरतो, असं त्यानं सांगितलं आणि बोळे काढायला लावले. खालच्या बाकाची क्रीम रंगाची गादी भिजून तिच्यावर पिवळे डाग पडले होते.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं. खरं तर तिचंच आम्हाला ऐकू आलं, त्याचं नाही. तो एवढंच म्हणाला होता की गाडी विकून टाकू. त्यावर ती खूप बोलली आणि मग एकदम गप्प झाली. तिचं गप्प होणं जास्त काळजीचं होतं. पुढं एका कुटुंबानं मे महिन्यासाठी गाडी विचारली तर तिनं नाही म्हणून सांगितलं. घरातल्या एका माणसाला बाहेर खुर्चीवर बसावं लागेल असं घर मी कुणाला देणार नाही, म्हणाली.

एप्रिल चढत गेला. घरगाडी आमच्या दोन्ही घरांमधल्या कडुनिंबाखाली उभी होती. दुपारी बाळाबाईंना घरात बसवेना, तेव्हा क्रांती घरातून वायर लावायची आणि त्या पुढच्या बाकावर जाऊन पडायच्या. गाडीला अवदसा म्हणणाऱ्या बाळाबाई आता जेवण झालं की स्वतःच चप्पल घालून निघायच्या.

एका दुपारी त्यांनी आतून हाक मारली. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते, म्हणून मीही गेले. बाळाबाई पाठीवर पडून वर बघत होत्या. मधल्या कपाटाच्या वरच्या छताकडे बोट करून म्हणाल्या, "क्रांते, ह्या फळीला घाम आलाय बघ. आणि पोट बी फुगलंय तिचं."

क्रांती बाकावर चढली. तिथं हवेचं एकही तोंड नव्हतं, तरी रेक्झिन गार आणि ओलसर लागत होतं. चौकटींमधला भाग थोडा फुगला होता. तिनं मला एसी बंद करायला सांगितला. रेक्झिन हळूच खाली बसलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा फुगलं. ती तशीच हात लावून उभी राहिली.

"आत्या, तुम्हाला हे कधीपासनं दिसतंय?" सासूला ती आत्या म्हणते.

"रोज बघतो की," बाळाबाई म्हणाल्या. "मला वाटलं तसंच असतंय."

मशीन जी गार हवा करत होतं, ती डक्टच्या फटींतून बाहेर पडून छताच्या पोकळीत चालली होती. माणसांना मिळायच्या आधीच प्लायला मिळत होती. क्रांतीनं तिथूनच अमरेशला फोन लावला. तो गारगोटी रोडला कुठं तरी काम करत होता, ते आटपून संध्याकाळी आला. तोवर धैर्यशीलही दुकानातून आला होता.

क्रांतीनं माझ्याकडून उदबत्त्या मागून घेतल्या. हवा दिसत नाही, धूर दिसतो, एवढाच तिचा हिशोब होता. एसी सुरू ठेवून अमरेशनं खालची जाळी काढली आणि क्रांतीनं पेटलेली उदबत्ती घेऊन हात वर घातला. जाळीच्या वरच्या त्या खणात दोन भाग होते. एका भागातून गाडीतली हवा वर ओढली जायची, दुसऱ्या भागातून गार झालेली हवा खाली येऊन डक्टमध्ये शिरायची. मध्ये एक पातळ आडपडदा. उदबत्तीचा धूर सरळ वर जायला हवा होता. तो त्या पडद्याजवळ जाताच आडवा झाला, जणू बाजूनं कुणी फुंकत होतं. क्रांतीनं उदबत्ती काढून नुसता हात घातला.

"अमरेश, हितं हात घाल," ती म्हणाली. "गार वारं हितनंच परत आत चाललंय."

अमरेशनं हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. पडदा वरपर्यंत पोचलाच नव्हता. तो एसीबरोबर मोडीतल्या कॅरॅव्हॅनमधून आलेला, तिच्या छताची पोकळी बुटकी असणार आणि ह्या गाडीची उंच, त्यामुळं वर दोन बोटं फट राहिली होती. तयार झालेली गार हवा डक्टकडं जायच्या ऐवजी त्या फटीतून पुन्हा मशीनमध्येच ओढली जात होती. "मी टपावरनंच बघत होतो, अक्का," अमरेश म्हणाला. "खालनं हात घालून बघितलंच न्हाय."

क्रांतीला मात्र त्यात एसटी दिसली. पुढच्या दारानं चढायचं आणि पुढच्याच दारानं उतरायचं, मागं कुणी सरकायचंच नाही, असं झालंय, म्हणाली. धैर्यशील हसला. बऱ्याच दिवसांनी ते दोघं एकमेकांकडे बघून बोलत होते.

आता छत उघडल्याशिवाय पुढं जाता येणार नव्हतं. अमरेशनं कटर काढला तर धैर्यशीलनं त्याचा हात धरला. आपलं काम तो दुसऱ्याला कापू देणार नव्हता. त्यानं दुकानातून आपली उसवायची पाती आणली आणि एकेक टाका उसवत छत सोडवलं, रेक्झिनला ओरखडासुद्धा न पडू देता. आम्ही खाली उभे राहून ते सैल होत जाणारं छत हातांवर झेलत होतो.

डक्टचे तुकडे जिथं जिथं जोडले होते तिथली टेप सुटली होती. त्यातला सगळ्यात मोठा सांधा बरोबर त्या घामेजल्या फळीवर. मग आम्ही मागच्या तोंडांपाशी पोचलो आणि धैर्यशीलचे हात थांबले. गोल झाकणं काढल्यावर दिसलं की छताच्या रेक्झिनला तिथं पुरतं भोक पाडलेलंच नव्हतं. फुलीसारखी एक चीर होती आणि तिच्या चार पाकळ्या आत वळून तोंडात अडकल्या होत्या. कडा सुबक दिसाव्यात, धागे सुटू नयेत, म्हणून कुणी तरी फार काळजीनं ते तसं केलं होतं. निम्म्याहून जास्त वाट त्या पाकळ्यांनी बंद केली होती.

धैर्यशील पलंगावर बसला. एक पाकळी बोटांत धरून म्हणाला, "हे माझं काम हाय."

आता काय होतंय म्हणून मी क्रांतीकडं बघितलं. ती हसायला लागली. पाठ दुखते म्हणून पोट धरून, कपाटाला टेकून हसली. मग त्याच्या शेजारी बसली आणि ती पाकळी त्याच्या हातातून घेऊन म्हणाली, "एवढी सफाई कशाला करायची वो?" तोही मग हसला, पण कान लाल झालेले.

पुढचे काही दिवस गाडीत नुसता टेपचा फर्र फर्र आवाज. पडद्याच्या वरची फट अमरेशनं ॲल्युमिनियमचा पत्रा मापात कापून बंद केली. खणातून हवा खाली येते तिथं ती सपाट भिंतीवर जाऊन आपटत होती. तिथं धैर्यशीलनं जाड फोमचे उतार कापून बसवले, त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमची टेप, म्हणजे हवा न आपटता डक्टमध्ये वळेल. टेप कशी लावायची हेही त्यानंच शिकवलं. आधी थिनरनं धूळ पुसायची, वाळू द्यायचं, मग टेप लावून चमच्याच्या पाठीनं घासायची. चमचा घासायचं काम माझ्याकडं होतं, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च धरायचंही.

डक्टचं शेवटचं टोक मागच्या तोंडांच्याही पुढं हातभर गेलं होतं आणि तिथं बंद होतं. हवा त्या कोपऱ्यात जाऊन नुसती दाटायची. क्रांती म्हणाली की शेवटच्या स्टॉपच्या पुढं गाडी न्यायचीच कशाला. तिथं तिरका फोम लावून वाट तोंडांशीच संपवली. तोंडांची भोकं पूर्ण गोल कापली. डक्टच्या वरून फोमचं अस्तर दिलं, म्हणजे टपाच्या उन्हानं हवा वाटेतच तापायला नको. मग धैर्यशीलनं छत पुन्हा शिवलं. ह्या खेपेला एका बाजूला त्यानं लांब चेन लावली, पुन्हा कधी उघडावं लागलं तर उसवायला नको म्हणून. सुबकपणात ती चेन बसत नव्हती. त्यानं ती तशीच राहू दिली.

तपासणीच्या दिवशी क्रांतीनं सहाही तोंडांना रेशमी दोऱ्याचे तुकडे बांधले. भर दुपारची वेळ. गाडी आतून भट्टीसारखी तापलेली. एसी सुरू केला. पुढचे दोरे लगेच हलले. मधले हलले. मागचे दोन लोंबकळत राहिले आणि मग तेही उचलले, आधी जरा, मग चांगले तिरके होऊन फडफडायला लागले. अमरेश एकेका तोंडाखाली हात धरून पुढून मागं गेला आणि परत आला. मधलं एक तोंड अजून थोडं मंद आहे, म्हणाला. ते आजही मंदच आहे.

बाळाबाईंना मागच्या पलंगावर झोपवलं. त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि आम्ही चौघं पुढच्या बाकावर शाळेतल्या मुलांसारखे गप्प बसलो. बाळाबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मला वाटलं, झोप लागली. मग आवाज आला, "क्रांते, पायावर काय तरी घाल गं."

क्रांती उठली, घरात गेली आणि वाकळ घेऊन आली. सासूच्या पायांवर ती नीट पसरली, कडा खाली खोचल्या. परत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते. धैर्यशीलनं ते बघितलं आणि आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्याच दिवशी तिनं वडगावला ज्ञानू तात्यांना फोन केला. भाडं घेणार नाही, एक दिवस येऊन मागच्या पलंगावर झोपून बघा, एवढंच तिचं म्हणणं. तात्यांना आधी कळेचना की झोपायला कुणी असं बोलावतं का. शेवटी आले. येताना बगलेत घडीची खुर्ची. क्रांतीनं ती बघितली आणि आत ठेवून घेतली.

आम्ही गगनबावड्याला निघालो. धैर्यशील चालवायला, त्याच्या शेजारी क्रांती, पुढच्या बाकावर मी आणि बाळाबाई. तात्या मागं. कळे गाव येईपर्यंत ते उठून बसून खिडकीतून काय काय दाखवत होते. ऊस कुणाचा चांगला, कुणाचा वाळला. मग आवाज बंद झाला. मागं बघितलं तर तात्या चादर हनुवटीपर्यंत ओढून, तोंड उघडं ठेवून झोपलेले. गगनबावडा आला. क्रांती त्यांना उठवायला गेली आणि तशीच परत आली. "झोपू द्या," म्हणाली. धैर्यशीलनं गाडी हळू घाटात घातली. सगळी वळणं झाली, वैभववाडीच्या अलीकडं चहासाठी थांबलो, तेव्हा तात्यांना जाग आली.

कुठं आहोत ते कळल्यावर ते भलतेच नाराज झाले. "मला उठवायचं की. घाट बघायचा ऱ्हायला माझा."

"तुम्हीच म्हणालता, झोप लागंना," क्रांती म्हणाली.

"लागंना म्हणजे कायमची लागंना, असं म्हणालतो व्हय मी?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. धैर्यशीलनं चहा संपवला आणि गाडी वळवली. घाट पुन्हा चढलो. वर एका वळणाच्या पुढं जागा बघून थांबलो, तात्यांची खुर्ची बाहेर काढली आणि तिच्यावर बसल्या बाळाबाई. तात्या उभेच. बायका पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या, ती घेतली. खाली दरीतून वारा वर येत होता. बाळाबाईंचं माहेर त्याच भागातलं. त्या कुठल्या तरी डोंगराकडं बोट करून सांगत होत्या, आणि तात्या सांगत होते की तो डोंगर तो नव्हेच. त्यांचं तसं चालूच राहिलं.

परत निघताना तात्या करवंदांचे हात धुवायला टाकीकडे गेले, तेवढ्यात बाळाबाईंनी मागचा पलंग धरला. तात्या पुढच्या बाकावर येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीची काच सरकवली.

"तात्या, काच लावा," क्रांती पुढून ओरडली. "गार वारं भाईर चाललंय."

तात्यांनी काच लावली.

त्या उन्हाळ्यात गाडी फारशी रिकामी उभी राहिली नाही. आता क्रांती प्रत्येक फेरीला बरोबर जाते, कुठं आंबे चांगले, कुठं पाणी प्यायचं नाही हे सांगते, आणि लोक तिचं ऐकतात, कारण न ऐकायची सोय नसते. अमरेशकडं दुसऱ्या दोन गाड्यांचं असंच काम आलं आणि त्यांची छतं उसवायला, शिवायला त्यानं धैर्यशीललाच बोलावलं. परवा मी विचारलं की पाठ कशी आहे. क्रांती म्हणाली, घरात बसलं की दुखते, गाडीत असलं की आठवत नाही. मग फाटकातून बाळाबाईंना हाक मारली. आमच्या ह्यांनी आतून "आलो" म्हणून सांगितलं.